विश्लेषण : वाफेच्या इंजिनाला चाके किती आणि केवढी?

किनवटवरून जाणारा मुदखेड–आदिलाबाद लोहमार्ग आज ब्रॉडगेज आहे; पूर्वी तो मीटरगेज होता. लातूरला तर त्याहूनही अरुंद, ७६२ मिलिमीटरची बार्शी लाइट रेल्वे होती. वाफेच्या इंजिनाची चर्चा बहुधा धूर आणि शिटीच्या आठवणींवरच संपते. पण ते इंजिन किती ओढेल आणि किती धावेल, हे त्याच्या चाकांवर ठरत असे. आणि चाके कशी असावीत, हे रूळ ठरवत.

मोठे चाक की लहान?

दट्ट्याची एक ये-जा झाली की चालक चाकाचा एक फेरा होतो. स्वातंत्र्यानंतर मीटरगेजवर आलेल्या ‘वायपी’ या प्रवासी इंजिनाच्या चाकाचा व्यास १३७२ मिलिमीटर, तर ‘वायजी’ या मालगाडीच्या इंजिनाचा १२१९. म्हणजे किलोमीटरभर अंतराला वायपीचे सुमारे २३२ फेरे, वायजीचे २६१. फेरे कमी असले की वेगातही दट्ट्या आणि दांड्यांवर ताण कमी येतो. उलट, दट्ट्याचा जोर तेवढाच असेल तर लहान चाक जास्त ओढते.

जोडचाके किती?

इंजिनाची ताकद पकडीमुळे रुळावर उतरते आणि पकड मिळते चालक चाकांवरील भारामुळे. या दोन्ही इंजिनांत एका आसावर सुमारे साडेदहा टन भार असे. वायपीचे तीन आस दांड्यांनी जोडलेले, म्हणून पकडीसाठी साडेएकतीस टन. वायजीचे चार, म्हणून ४२. ओल्या रुळावर किंवा चढावर चाके जागीच फिरू नयेत, यासाठी हा फरक मोलाचा. मग वायपीलाही चौथा आस का नाही? कारण ताठ चौकटीत आस वाढले की वळणावर रुळाला रेटा बसतो. वेगाने वळण घेताना वाट दाखवायला वायपीच्या पुढे चार लहान चाकांची बोगी होती. संथ वायजीला दोन पुरत.

बार्शीने काय केले?

एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची ही रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडी–बार्शी सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचली. रूळ यार्डाला अवघे ३० पौंड, म्हणजे मीटरला सुमारे १५ किलो. म्हणून इंजिन असो वा वाघीण, एका आसावर पाच टनांहून अधिक भार नको, हे त्यांनी ठरवले. पहिल्या इंजिनांना आठ जोडचाके आणि मागे चार आधारचाके देऊन वजन वाटले गेले. हलक्या रुळावरही दमदार इंजिन चालले.

तरी एक गोष्ट चाकांच्या रचनेतून सुटणारी नव्हती. कुर्डुवाडीला गेज बदलत असे. तिथे माल उतरवून पुन्हा ब्रॉडगेजच्या वाघिणींत भरावा लागे. ती हमाली, तो वेळ आणि ती नासाडी मालाच्या किमतीतूनच वसूल होणार. लातूरला ब्रॉडगेज यायला एकविसावे शतक उजाडले.

आजही मराठवाड्यात मागणी होते ती नव्या गाडीची आणि थांब्याची. रूळ किती भार पेलतो, चढ-वळणे किती, समोरून येणाऱ्या गाडीसाठी किती वेळ थांबावे लागते, हे प्रश्न मागेच राहतात. गाडी मागताना आधी मार्गाचा हिशेब मागायला हवा. मार्ग दुबळा असेल, तर उत्तम इंजिनही त्याच्या मर्यादेतच धावते.