ऑपरेशनआधी सापडलेली कावीळ

मागच्या आठवड्यात एक शेतकरी गृहस्थ रक्ताचा रिपोर्ट घेऊन आले. अंतर्गळाचे ऑपरेशन ठरले होते. त्याआधी रक्त तपासले, तर 'ब' प्रकारची कावीळ निघाली. डोळे पांढरे स्वच्छ, भूक चांगली, दिवसभर मोट्या उसाला पाणी देणारा माणूस! "डॉक्टर, मला कावीळ झाली तरी कधी?" एका दवाखान्याने ऑपरेशन न करताच परत पाठवले होते. घरी त्यांचे ताट-तांब्या वेगळे झाले होते. थोरल्या नातवालाही जवळ येऊ देत नव्हते.

मंडळी, ताट वेगळे करायचे काही कारण नाही. पावसाळ्यात दूषित पाण्यातून येते ती कावीळ निराळी. ही रक्तातून पसरते. दुसऱ्याला टोचलेली सुई, न्हाव्याचे तेच ते ब्लेड, गोंदण, नवरा-बायकोचा संबंध आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. एका पंगतीत जेवल्याने किंवा नातवाला मांडीवर घेतल्याने ती होत नाही. दाढीचे सामान आणि दाताचा ब्रश तेवढा ज्याचा त्याचा ठेवावा.

ऑपरेशनही होऊ शकते. लिव्हर कसे आहे ते पाहून, योग्य ती काळजी घेऊन ते करता येते. परत पाठवणे मला मुळीच पटले नाही. आणि काविळीची माळ घालून हा विषाणू जात नाही, हेही सांगून ठेवतो.

मी त्यांना उलट विचारले, "घरात कोणी गरोदर आहे का?" सूनबाईंना सातवा महिना होता. मोठ्या माणसाला ही कावीळ झाली, तर शंभरातले सुमारे ९५ जण आपोआप मोकळे होतात. जन्मताना लागण झालेल्या शंभर बाळांपैकी मात्र सुमारे ९० जणांच्या अंगात ती मुरते, आणि पुढे कित्येक वर्षांनी लिव्हर खराब होते, कधी कॅन्सरही होतो. म्हणून प्रत्येक बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत या काविळीची लस टोचावी लागते. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. आईलाच लागण असेल, तर लसीबरोबर आणखी एक इंजेक्शन देतात. पुढचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांनी. आईने अंगावर पाजायला हरकत नाही.

गृहस्थांची तपासणी सहा महिन्यांनी पुन्हा करायची आहे. गोळ्या सगळ्यांनाच लागत नाहीत. लागल्या तर २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत मिळतात. घरातल्या सगळ्यांचे रक्त तपासायला पाठवले. सूनबाईंचा रिपोर्ट काल आला, त्यांना लागण नाही. गृहस्थांच्या पत्नीचा अजून यायचा आहे.