रामकाल पथ आणि नळाची तोटी

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या पर्यटन खात्याने महाराष्ट्राच्या पदरात दोन कामे टाकली. सिंधुदुर्गच्या समुद्रात 'गुलदार' ही निवृत्त युद्धनौका बुडवून पाण्याखालचे संग्रहालय करायचे, त्यासाठी सुमारे ४७ कोटी. आणि नाशिकच्या पंचवटीत, काळाराम मंदिर ते रामकुंड या परिसरात, 'रामकाल पथ' उभारायचा, त्यासाठी सुमारे ९९ कोटी. कर्ज ५० वर्षांचे, तेही बिनव्याजी. नाही कोण म्हणेल?

सिंधुदुर्गात नौका पाहायला पोहोचायचे कसे, हे मुंबई-गोवा महामार्गाला विचारावे. त्याचे चौपदरीकरण २०११ पासून चालले आहे. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये थाटात सुरू झाला. विमाने कधी असतात, कधी नसतात. आमच्या नाशकात समुद्र नाही, गोदावरी, म्हणजे आमची गंगा आहे. गैरसोयीचे दुखणे मात्र तेच.

श्रावणी सोमवारी कपालेश्वराच्या पायऱ्यांवर उभे राहून रामकुंडाकडे पाहावे. दोघी जणी साडी ताणून धरतात आणि आडोशाला तिसरी ओले कपडे बदलते. वस्त्रांतरगृहाची इमारत हाकेच्या अंतरावर आहे, पण गर्दीत तिथवर शिरणार कोण? स्वच्छतागृह कुठे म्हणून विचारले तर फुलवाली मान न वळवता हात लांब करते. तिथे गेल्यावर दार आहे तर कडी नाही, नळ आहे तर तोटी नाही. शिर्डीहून आलेली गाडी मालेगाव स्टँडच्या उतारावर अडकते. माणसे उतरवून चालक ती सरळ घाटावर नेऊन लावतो. गंगापूर धरणातून पाणी सोडले की ते नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर लागले, यावर नाशिककर पूर मोजतो. बाहेरगावच्या चालकाला ही मोजपट्टी कोण शिकवणार? दर पावसाळ्यात एखादी मोटार पाण्यात सापडते आणि मग तिचे चित्रण गावभर फिरते.

आणि पाणी? वाघाडी नावाची नदी आहे. वाहून आणते ती सांडपाणी. गोदावरीच्या प्रदूषणाचे प्रकरण २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेले. तरी तीर्थ म्हणून ओंजळीत घेतलेले पाणी तोंडाला लावताना भाविक आजही घुटमळतो.

पथ नको, असे आमचे म्हणणे नाही. सिंहस्थ कुंभमेळ्यात २७ ऑगस्ट २००३ रोजी सरदार चौकाच्या उतारावर चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. काळाराम मंदिर ते रामकुंड हा परिसर मोकळा व्हायलाच हवा. अडचण वेगळीच आहे. हा निधी भांडवली कामांचा. त्यातून दगडी फरसबंदी होईल, कमानी आणि दिवे लागतील, उद्घाटनाची फीतही कापली जाईल. पण स्वच्छतागृह दिवसातून चार वेळा धुणाऱ्या माणसाचा पगार त्यातून निघत नाही. तो महापालिकेने द्यायचा. महापालिकेचे म्हणाल, तर मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे तिथे नगरसेवकच नव्हते. घाणीची तक्रार घेऊन कुणाच्या दारात जावे, तेही पंचवटीकराला कळत नव्हते. 'स्मार्ट सिटी'च्या काळात घाटावर जे जे चकचकीत उभे राहिले, त्यातले किती आज धड आहे, हे सकाळी फिरायला जाणाऱ्यांना विचारावे.

परिणाम उघड आहे. पाहुणा सकाळी येतो, काळारामाचे दर्शन घेतो, सीतागुंफेत वाकून शिरतो, वाकूनच बाहेर येतो आणि दुपारी त्र्यंबकची वाट धरतो. मुक्कामाला थांबत नाही. लॉजवाला, खाणावळवाला, भांड्यांचा दुकानदार यांच्या पदरी सुट्टे पैसेच पडतात. पंचवटीत पाहण्यासारखे कमी आहे म्हणून तो निघून जात नाही. चार तास सुखाने काढण्याची सोय नाही म्हणून जातो.

पुढच्या सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला ठरले आहे, पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला, म्हणजे ऐन पुराच्या दिवसांत. तेव्हा कोट्यवधींच्या कामांचे फलक लागतीलच. आता निवडून आलेल्या नव्या नगरसेवकांनी त्याआधी एक करावे: घाटाच्या रोजच्या सफाईचा, पाण्याचा, वाहनतळाचा आणि तिथल्या माणसांच्या पगाराचा वेगळे लेखाशीर्ष अंदाजपत्रकात उघडावे, आणि सिंहस्थ सरल्यावरही ते बंद करू नये.