एकाच झाडापाशी अर्धा तास



पावसाळा सरत आला, की सांगली-साताऱ्याकडच्या घराघरांतून एकच बेत शिजू लागतो : एक दिवस कासला जाऊन येऊ. आपल्याही घरी तो शिजत असेल. निघण्यापूर्वी आमच्या घरचा अनुभव ऐकावा, एवढ्यासाठी हा लेख.

गेल्या वर्षी आमच्या सहलीला निमित्त झाले नातीच्या चष्म्याचे. ती दहा वर्षांची; तीन वर्षांत तिच्या चष्म्याचा क्रमांक तीनदा वाढला. नवा क्रमांक लिहून देताना नेत्रतज्ज्ञांनी सांगितले, की मुलीला रोज निदान दोन तास घराबाहेर, मोकळ्या उजेडात राहू द्या. या सल्ल्यामागे आधार आहे. चीनमधील ग्वांगझू शहरातील १२ शाळांत एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांतील पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे अधिक वेळ मैदानावर नेले. तीन वर्षांनी त्या मुलांपैकी सुमारे ३० टक्क्यांना लघुदृष्टी आली. इतर शाळांत हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र हा लाभ मुख्यतः चष्मा लागण्यापूर्वीचा आहे. लागलेल्या चष्म्याचा क्रमांक उजेडाने थांबेलच, असे कोणी समजू नये.

तेव्हा भाद्रपदातल्या एका रविवारी पहाटेच सांगली सोडली आणि कराडमार्गे सातारा गाठून यवतेश्वरचा घाट चढलो. कास साताऱ्याहून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत हे पठारही आहे. येथे साडेआठशेहून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पती नोंदल्या गेल्या आहेत. ही कोणी लावलेली बाग नव्हे; पण कोणत्याही वनस्पती-उद्यानाने हेवा करावा, असे हे उद्यान आहे. सोनकीची पिवळी चादर, तेरड्याची गुलाबी, मध्येच गेंदाचे पांढरे ठिपके, आणि ओलसर जागी सीतेच्या आसवांचा जांभळा पट्टा. नातीने माझा मोबाइल घेतला तो संध्याकाळपर्यंत सोडलाच नाही. तिने २१२ छायाचित्रे काढली.

परतताना गाडीत मी तिला सहज विचारले, "सीतेच्या आसवांच्या फुलाचा आकार कसा असतो गं?" ती गप्प राहिली आणि मग मोबाइलकडे तिचा हात गेला. तिला हसावे, तर उत्तर मलाही देता येत नव्हते.

आणखी एक गोष्ट मी त्या दिवशी घरात सांगितली नाही, ती आज आपल्याला सांगते. दवबिंदू नावाची एक इवलीशी कीटकभक्षी वनस्पती मला पायवाटेपासून हातभर अंतरावर दिसली. तिच्या पानांवरचे चिकट थेंब उन्हात चमकत होते. छायाचित्र नीट यावे म्हणून मी वाट सोडून एक पाऊल पुढे टाकले. तेथे राखणीला असलेला पंचक्रोशीतलाच एक तरुण धावत आला.

"आजी, पाय जरा जपून उचला."

मी पाय उचलला. टाचेखाली तसल्याच तीन-चार वनस्पती चिखलात दबल्या होत्या.

"आता फुलं कुणी तोडत न्हाई," तो शांतपणे म्हणाला, "पण फोटोपायी तुडवत्यात."

त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते वाक्य अधिक लागले. कासचे पठार जांभ्या खडकाचे आहे आणि त्यावर मातीचा थर कित्येक ठिकाणी जेमतेम बोटभर. ती माती इतकी निकस, की दवबिंदू आणि सीतेची आसवे या वनस्पती सूक्ष्म जीव पकडून आपली नत्राची गरज भागवतात. अशा मातीवर वजन पडले, की ती घट्ट होते आणि बीज रुजणे कठीण होऊन बसते. मी एका छायाचित्रासाठी पुढल्या वर्षीची फुले दाबून आले होते.

घरी परतल्यावर या दोन्ही गोष्टी मनातून जाईनात. पुढे एका संशोधनाची माहिती वाचनात आली. अमेरिकेतील फेअरफिल्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांनी विद्यार्थ्यांना एका कलासंग्रहालयात नेले. काही वस्तू नुसत्या पाहायच्या, काहींची छायाचित्रे घ्यायची. दुसऱ्या दिवशी विचारले, तेव्हा छायाचित्र घेतलेल्या वस्तूंचे तपशील कमी आठवले. जणू लक्षात ठेवण्याचे काम आपण कॅमेऱ्यावर सोपवून मोकळे होतो. परंतु ज्या वस्तूच्या एखाद्याच भागावर कॅमेरा रोखून छायाचित्र घेतले, तिची आठवण शाबूत राहिली. चौकटीबाहेर राहिलेल्या भागाचीसुद्धा! दोष कॅमेऱ्याचा नाही, घाईचा आहे.

त्यावरून आम्ही एक नियम केला : एक झाड, अर्धा तास आणि पाचच छायाचित्रे. पहिले संपूर्ण झाडाचे, दुरून. दुसरे सालीचे. तिसरे पानाच्या मागच्या बाजूचे. चौथे कळीचे, फुलाचे किंवा फळाचे. पाचवे त्या झाडाच्या आश्रयाने राहणाऱ्या एखाद्या जीवाचे. मग मोबाइल पिशवीत ठेवायचा आणि त्यांपैकी एक चित्र आठवणीने वहीत काढायचे.

सुरुवात सांगलीच्या आमराईपासून केली. माघ महिना होता. मोहोरलेल्या एका आंब्याखाली आम्ही बसलो. पहिली दहा मिनिटे नात कंटाळली, हे खरे. मग ती एकदम म्हणाली, "आजी, यावर मधमाश्या कमी आणि साध्या माश्याच जास्त आहेत!" तिचे निरीक्षण बरोबर होते. आंब्याचे परागीभवन मोठ्या प्रमाणावर माश्याच करतात. ज्यांना आपण हातवारे करून हाकलतो, त्यांचाही आपल्या आमरसात वाटा असतो. वर कोठे तरी तांबट पक्षी टुक-टुक करीत होता. तो वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला ढोली कोरतो, असे मी सांगितल्यावर नातीने पाऊण तास मान वर करून ती ढोली शोधली. सापडली नाही. पण तेवढा वेळ तिची नजर दूरवर लागलेली होती आणि मला त्याहून अधिक काही नको होते.

या भाद्रपदात आम्ही पुन्हा कासला गेलो. यंदा छायाचित्रे तेरा, आणि सगळी पायवाटेवरूनच काढलेली. पाणथळ जागी तिला वायतुरा दिसला, दोन फाट्यांचा तुरा असलेला. त्याच्या 'अपोनोजेटॉन सातारेन्सिस' या शास्त्रीय नावात आपला सातारा आहे, हे कळल्यावर तिने ते नाव घाट उतरेपर्यंत पाठ केले. सीतेच्या आसवांचे फूल दोन ओठांचे असते, हेही आता आम्हा दोघींना विचारावे लागत नाही.

आपण निघाल तेव्हा काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सकाळी लवकर जावे. उजेड कोवळा असतो आणि फुलपाखरे पंख पसरून ऊन घेत बसतात. गुडघे दुखणाऱ्यांनी खाली वाकू नये. मोबाइल उलटा धरला, की भिंग खाली येते आणि बुटके फूलही उभ्याउभ्या थोडेसे झुकून टिपता येते. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी बसल्या जागेवरून हळूहळू उठावे, भोवळ येण्याचा संभव असतो. मधुमेहींनी खाण्याची वेळ चुकवू नये. घरट्याजवळ जाऊ नये, फ्लॅश वापरू नये.

प्राणी पाहायचे असतील, तर सांगली जिल्ह्यातच देवराष्ट्रेजवळचे सागरेश्वर अभयारण्य आहे. क्षेत्र जेमतेम ११ चौरस किलोमीटर. हे रान माणसाने वाढवलेले आहे. धों. म. मोहिते यांच्यासारख्यांनी उजाड डोंगरावर झाडे जगवली, हरणे आणली आणि १९८५ मध्ये ते अभयारण्य झाले. तेथे चितळ किंवा सांबर दिसले, तर मुलांना त्याचा मागे धावून फोटो काढू देऊ नका. गप्प उभे राहायला सांगा.

नातीचा क्रमांक या वर्षी थांबला, असे लिहायला मला आवडले असते. तो पावाने वाढला. पण दर रविवारी सकाळी सहा वाजता, कोणी न उठवता, ती वही घेऊन दाराशी उभी असते. आमराईतील ढोली अजून सापडायची आहे.