यात्रेचा कर्णा आणि निसटलेला न्यूट्रल

चैत्र आला की चाकण-खेड भागात गावोगाव यात्रा भरतात. कारखान्यांचा पट्टा दारात आला, तरी खांबावर आकडा टाकून कर्णा लावायची खोड काही जात नाही. दाब कमी पडला तर आवाज बसतो, एवढेच. पण न्यूट्रल निसटला, की २३० व्होल्टचा दाब चारशेच्या घरात जाऊ शकतो आणि मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर जागीच जळतात. भुर्दंड बिचाऱ्या स्पीकरवाल्याला! साधा स्टॅबिलायझर इथे पुरा पडत नाही; जादा दाबाला लाईन तोडणारा कटऑफच हवा. यात्रा कमिटीने महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्यावी, न्यूट्रल व अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे. ग्रामपंचायतीनेही पटांगण देतानाच जोडणीची पावती मागावी.