दोन टक्क्यांचे पुण्य

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. परंतु उरलेले ९८ टक्के कोणत्या मार्गाने मिळवले, हा प्रश्न कोणी विचारायचा? नदीत सांडपाणी सोडून तिच्याच काठी वृक्षारोपण करणे, ही निव्वळ आत्मवंचना होय!

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस जेवढा, त्यानुसारच पिके. शेतीसाठी कूपनलिका नाही. ही बंधने ग्रामस्थांनी स्वतःहून स्वीकारली आणि दुष्काळी गाव समृद्ध झाले. असा संयम उद्योगांनी मुळातच पाळावयास हवा. आणि केवळ स्वस्त म्हणून कोणताही माल डोळे मिटून घेणारा ग्राहक तरी या पातकातून कसा मुक्त होईल?