बसकी गाडी आणि डुलती गाडी

दिवाळी तोंडावर आली की घरोघरी चकलीचा सोऱ्या बाहेर निघतो; आमच्या घरी मोटारीचा जॅक निघतो! वडिलांची स्टँडर्ड हेरल्ड अजून आमच्या दारात आहे आणि भाऊबीजेला नाशिकला बहिणीकडे जायचे ते तिच्यातूनच, हा आमचा जणू कुळाचारच झाला आहे.

यंदा मात्र गाडी मागून बसली. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, उंबऱ्यावर कुत्रे बसावे तशी दिसते ही!" मी एका गॅरेजात नेली. तिथल्या गृहस्थांनी गंभीर चेहऱ्याने चारही शॉकॲब्सॉर्बर बदलले. खिसा हलका झाला. गाडी तसूभरही उठली नाही.

शेवटी कुणीतरी सांगितले, भिवंडीला निजामपुऱ्यात जा, तिथे मालमोटारींच्या कमानी ठोकणारे एक जुने मिस्त्री आहेत. एका बाजूला यंत्रमागांची खडखड, दुसऱ्या बाजूला घणाचे घाव, अशा त्या जागी मी हेरल्ड उभी केली आणि ऐटीत म्हणालो, "चाचा, दोन पाटे जास्त घाला आणि चांगली उंच करून द्या."

चाचांनी गाडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "साहेब, शॉक कशाला बदलले?"

"गाडी बसली म्हणून!"

"वजन कमान उचलते. शॉक फक्त तिचे डुलणे थांबवतो. बसकी गाडी वेगळी, डुलती गाडी वेगळी."

वाचकहो, एवढे एक वाक्य मला आधी कळते तर माझे पैसे वाचले असते! डुलणारी गाडी ओळखायची तर मडगार्डचा कोपरा जोराने दाबून सोडावा. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक; दोन-तीनदा झुलली, किंवा शॉकच्या नळकांड्यावर तेल ओघळले असले, तर शॉक गेला. खड्ड्यातून जाताना खट्खट् ऐकू आली तर रबरी बुश पाहावेत.

बसकी गाडी मात्र मोजावी लागते. सपाट जमीन, रिकामी डिकी, चारही टायरांत ठरलेली हवा. माप जमिनीपासून नव्हे, चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत घ्यावे. म्हणजे टायरची झीज मापात शिरत नाही. हेरल्ड जॅकवरून उतरवली की लगेच मोजू नये. वीस पावले पुढेमागे ढकलावी, तेव्हा कुठे तिची मागची चाके खरी जागा घेतात. आणि मागचा एकच कोपरा खाली दिसला तर पुढचा भाग बरोबर मधोमध जॅकवर तोलून पाहावा. मागची बाजू सरळ झाली तर दोष पुढच्या स्प्रिंगचा!

आता हेरल्डचीच एवढी चौकशी का? ही गाडी मद्रासच्या स्टँडर्ड कारखान्यात १९६१ पासून तयार होऊ लागली. इंग्लंडात ती ट्रायम्फ या नावाने १९५९ मध्ये आली. आकार मिकेलोत्ती या इटालियन कलावंताचा. त्याच सांगाड्याच्या आधाराने १९६२ मध्ये स्पिटफायर ही दोन आसनांची स्पोर्ट्स मोटार निघाली. म्हणजे आमची ही संसारी बाई त्या नखरेल पोरीची थोरली बहीण! दोघींच्या मागे एकच आडवी कमान, आणि तिच्या दोन टोकांना चाके. कमान बसली की चाके वरून आत झुकतात, खालून फाकतात, आणि टायर आतल्या कडेने झिजतो. म्हणून मागे उभे राहून नुसते पाहिले तरी रोग कळतो.

"मग उंचच करा की," मी पुन्हा म्हणालो.

चाचांनी दोन्ही तळहात चाकांसारखे उभे धरले आणि खालून आत वळवले. "जास्त उंच केली की चाके अशी होतात. घाटातल्या वळणावर घाबरून एकदम पाय उचललात की बाहेरचे चाक पोटाखाली दुमडते. मग गाडी तुमची राहत नाही. ट्रकचे औषध हिला नको. घरी किती माणसे?"

आम्ही चौघे, आणि नाशिकच्या वाटेवर कसाऱ्याचा घाट. मी गप्प बसलो. खुद्द कारखान्यालाही ही खोड ठाऊक होती. १९७० च्या स्पिटफायरमध्ये कमानीची बांधणी बदलून तिचे बहुतेक पाटे मधोमध झुलते ठेवले, ते याचसाठी.

चाचांनी कमान उतरवली. आत एक पाटा मोडलेला आणि बाकीचे दमलेले. मोडका बदलला, बाकीच्यांना ठोकून बाक दिला. तापवून वाकवले आणि नीट पाणी दिले नाही तर कमान पुन्हा बसते, असेही बजावले. बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळले. अधांतरी आवळले तर रबर पिळवटून लवकर फाटते.

"पण उंची नेमकी किती ठेवायची?" त्यांनी विचारले.

तेव्हा मला वडिलांची वही आठवली. घरी येऊन उघडली. पहिल्याच पानावर, पेन्सिलीने, चारही चाकांची मापे! गाडी नवी असताना त्यांनी ती घेऊन ठेवली होती. मुलगा कधीतरी दोन पाटे जास्त घालायला निघेल हे त्यांना ठाऊक असावे.

त्या मापाला गाडी उभी राहिली. पुढे दोन माणसे बसवली तेव्हा मागची चाके जवळजवळ ताठ, वरून किंचित आत. भाऊबीजेची तयारी झाली.

तुमची मोटार कुठलीही असो. ती धडधाकट आहे तोवर, या पाडव्यालाच, चार मापे वहीत लिहून ठेवा. पुढे कुणाच्या तरी उपयोगी पडतील. दिवाळीच्या शुभेच्छा!