उपवास उरला, लंघन हरवले

एकादशीच्या आदल्या दिवशी नागपूरच्या इतवारीत साबुदाणा, शेंगदाणे, भगर आणि राजगिऱ्याचे लाडू यांची जी खरेदी चालते, ती पाहून एखाद्या परक्या माणसाला उद्या मोठी मेजवानी आहे असेच वाटावे. दुसऱ्या दिवशी घराघरांत सकाळी तुपातली खिचडी, दुपारी भगर आणि रताळ्याचा कीस, सायंकाळी केळी व पेढे, आणि मधूनमधून साखरेचा चहा असा कार्यक्रम यथासांग पार पडतो. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण मराठी माणसाने स्वतःचीच केलेली थट्टा आहे. परंतु मधुमेहाने मध्यमवर्गीय कुटुंबांत जे बस्तान बसविले आहे, ते पाहता ही थट्टा आता थट्टा राहिलेली नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. उंबरठ्यावरच्या या माणसांना अद्याप मागे फिरता येते. प्रश्न आहे तो त्यांना मागे फिरविणार कोण, याचा.

उपाय परंपरेत होता. चातुर्मासात एकभुक्त राहणारे, दिवसभर उपोषण करून नक्तव्रत पाळणारे, एक दिवस उपवास व दुसरा दिवस भोजन अशी ‘धारणा-पारणा’ करणारे स्त्रीपुरुष दोन पिढ्यांपूर्वी गल्लोगल्ली होते. आज जगभर ज्याला ‘इंटरमिटंट फास्टिंग’ म्हणून डोक्यावर घेतले जाते, त्याचे हे प्रकार घरचेच होत. चरकाचार्यांनी प्रमेहाच्या कारणांत बैठे सुखासीन जीवन, अतिनिद्रा, गूळ आणि नवे धान्य यांची गणना केली आहे. सुश्रुताचार्यांनी तर निर्धन प्रमेही रुग्णास शेकडो योजने पायी चालण्याचा, विहीर खणण्याचा उपाय सांगितला. याउलट ज्या साबुदाण्याला आज उपवासाचे प्रतीक मानले जाते, तो दक्षिण अमेरिकेतून आलेल्या टॅपिओका या कंदाचा, जवळजवळ निव्वळ पिष्ट असलेला पदार्थ आहे. व्रताचे नाव जुनेच राहिले. ताटातले पदार्थ मात्र बदलले आणि लंघन हरवले.

लंघनाने शरीरात काय घडते? मनुष्य काहीही पिष्टमय वा गोड खातो तेव्हा रक्तातील साखर वाढते आणि ती पेशींत पोहोचविण्यासाठी स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. इन्सुलिनची पातळी चढी असेतोवर साठविलेली चरबी वापरात येत नाही. सकाळी चहा-बिस्किटे, मग तर्री-पोहे, जेवण, चार वाजताचा चहा, सातला चिवडा आणि दहाला पुन्हा जेवण, असा ज्याचा दिनक्रम, त्याच्या शरीराला साठा मोडण्याची उसंतच मिळत नाही. वर्षानुवर्षे हे चालले की पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात, स्वादुपिंड थकते आणि साखर रक्तातच साचू लागते. दोन भोजनांतील मोठे अंतर या चक्राला विश्रांती देते.

हा विचार महाराष्ट्राच्या गळी उतरविण्याचा प्रयत्न याच नागपूर परिसरातील एका विद्वानाने केला. काटोलचे डॉ. श्रीकांत जिचकार हे वैद्यकशास्त्राचे एम.डी., कायद्याचे पदवीधर, संस्कृताचे पंडित, १९८० साली पंचविशीतच आमदार झालेले आणि सोमयाग करणारे दीक्षित अग्निहोत्री. त्यांचा राजकीय पक्ष वेगळा होता; परंतु ज्ञानाला पक्ष नसतो. कडकडून भूक लागेल अशा दोनच वेळा ओळखाव्यात, तेव्हाच जेवावे आणि अधेमधे तोंड चालवू नये, असे ते व्याख्यानांतून सांगत. २ जून २००४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे अकाली निधन झाले. पुढे लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी जिचकारांच्या ध्वनिमुद्रित व्याख्यानापासून प्रेरणा घेतली, स्वतःवर प्रयोग केला आणि दिवसातून दोन भोजने, प्रत्येक ५५ मिनिटांच्या आत, व रोज ४५ मिनिटे चालणे हा कार्यक्रम गावोगावी पोहोचविला. त्यासाठी त्यांनी कोणतेही औषध विकले नाही, ही गोष्ट मुद्दाम नोंदवावी अशी आहे.

या कार्यक्रमावर अनेक डॉक्टरांनी व आहारतज्ज्ञांनी आक्षेप घेतले, आणि ते सारेच मत्सरापोटी होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका चाचणीत अल्पाहाराने वजन घटवलेल्या गटातील जवळजवळ निम्म्या रुग्णांची साखर औषधांवाचून मधुमेहाच्या मर्यादेखाली आली. परंतु २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चीनमधील चाचणीत, एकूण आहार सारखाच कमी केला असता, जेवणाच्या वेळा आठ तासांत बसविल्याने वजनात वेगळा लाभ आढळला नाही. अर्थात घड्याळ मदतनीस आहे, जादूगार नव्हे. दोनदाच जेवून ताटभर भात, श्रीखंड आणि जिलेबी रिचविणाऱ्यास कोणतेही व्रत तारणार नाही.

तसेच, २०१६ चे नोबेल पारितोषिक एकादशीच्या उपवासाला मिळाले, असे जे संदेश अभिमानाने फिरविले जातात, तेही आवरावेत. जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टच्या पेशी स्वतःचेच टाकाऊ घटक कसे पचवितात याचा शोध लावला होता. परंपरेला असत्याच्या कुबड्यांची गरज नसते.

सर्वांत गंभीर सावधगिरी औषधांबाबत. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता जेवण चुकविले, तर साखर ७० च्या खाली घसरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आणि प्रसंगी बेशुद्धी येऊ शकते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्यांबाबतही उपवासात धोका संभवतो. निर्जला एकादशी ज्येष्ठात, नागपूरच्या ऐन उन्हाळ्याच्या सुमारास येते. तेव्हा वृद्ध मधुमेही आजीने थेंबभर पाणीही न घेणे ही भक्ती नव्हे, जिवाशी खेळ आहे. गर्भवती, बालके आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी या वाटेला जाऊच नये. रोगी आणि बालक यांना व्रतनियमांत सवलत देण्याइतका विवेक शास्त्रकारांपाशी होता. तो आज घरातल्या कर्त्या माणसांनी दाखवावा.

या प्रश्नाचा कार्यकर्त्यांशी थेट संबंध आहे. दिवसभर संपर्कासाठी फिरायचे, प्रत्येक घरी चहा नाकारला तर यजमान दुखावेल म्हणून तो घ्यायचा, रात्री उशिरा बैठक आटोपल्यावर जेवायचे. हाच क्रम वर्षानुवर्षे चालतो. समाजासाठी झिजणारा माणूस पन्नाशीतच डोळ्यांचा व मूत्रपिंडांचा रुग्ण झाला, तर हानी त्याच्या एकट्याची नसते. तेव्हा घरी आलेल्यापुढे साखरेच्या चहाऐवजी पाणी किंवा पातळ ताक ठेवण्याची, बैठकीतून बिस्किटांची ताटली हद्दपार करण्याची आणि तिशीनंतर वर्षातून एकदा उपाशीपोटीची साखर व तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीए१सी चाचणी करून घेण्याची रीत प्रत्येक कुटुंबाने पाडावी. ही सरासरी ५.७ ते ६.४ च्या दरम्यान आली, तर तो मागे फिरण्याचा इशारा समजावा.

व्रताचा मूळ अर्थ इंद्रियांवर स्वामित्व हा आहे. जिभेवर ताबा नसणाऱ्या समाजाने राष्ट्रोत्थानाच्या गोष्टी कराव्यात, यात विसंगती आहे. येत्या एकादशीला इतवारीतील खरेदी निम्म्यावर आली, तर विठ्ठल रुसणार नाही. उलट त्याच्या वारीत चालणारी पावले आणखी काही वर्षे धडधाकट राहतील.